एकमेकांच्या आउटडोअर फोटोंवर कामाचं बोलायचं कसं

फोटो टाकला की पाच-सहा जण ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘क्या बात’ लिहितात, चार अंगठे येतात आणि विषय संपतो. त्यात वाईट काही नाही, कौतुक कुणाला नको असतं, पण उद्या पुन्हा त्याच टेकडीवर त्याच उजेडात उभे राहिलात तर वेगळं काय कराल हे त्या अंगठ्यांतून काही कळत नाही. आणि दुसरीकडे प्रत्येक ग्रुपमधे तो एक जण असतोच, फोटो धड न बघता ‘होरायझन वाकडा’ एवढं टाकून गायब होणारा (बरेचदा असतोही वाकडा, ते सोडा). दोन्हीतून हाती काही लागत नाही कारण दोन्हीत फोटो बघितलेलाच नसतो. टीका करता येणं म्हणजे मुख्यतः बघता येणं, लिहायचं त्यातलं थोडंच असतं, म्हणून खाली कसं लिहावं यापेक्षा कसं बघावं हेच जास्त आलंय.

आधी टाकणाऱ्याचं काम

एक फोटो टाका. एकाच सूर्योदयाचे बारा टाकले की बघणारा भराभर सरकवत जातो आणि शेवटी ‘तिसरा आवडला’ म्हणतो, बास. निवड करणं हे तुमचं काम आहे, ते दुसऱ्यांच्या गळ्यात टाकू नका. फारच अडलं तर दोन टाका आणि कुठला आणि का ते विचारा.

मग प्रश्न. ‘कसा वाटला?’ ला ‘छान’ सोडून दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी असं लिहा, ‘मला धुक्यात मागचे तीन डोंगर एकापाठोपाठ फिके होत जाताना दाखवायचे होते, ते तीन वेगळे दिसतायत का की मागचे दोन एकच वाटतायत?’ आता बघणाऱ्याला काय तपासायचं ते माहितेय. लिझ लर्मन नावाची अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका आहे, तिने १९९० च्या सुमारास कलाकृतीवर प्रतिक्रिया देण्याची एक चार टप्प्यांची पद्धत बसवली: आधी बघणाऱ्यांनी काय भावलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं, मग कलाकाराने आपले प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न घुसवता प्रश्न विचारायचे आणि सगळ्यात शेवटी, कलाकार हो म्हणाला तरच, मत द्यायचं. पद्धत नाचासाठी निघाली पण फोटोला जशीच्या तशी लागू पडते. चारही टप्पे दर फोटोला पाळत बसायला वेळ नसतो हे खरं, पण कलाकाराचा प्रश्न आधी आणि आपलं मत नंतर एवढा क्रम जरी धरला तरी बोलण्याची गाडी रुळावर राहते.

सोबत माहिती द्या. फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळ ओढते ते, एमएममधे), शटर (किती वेळ उघडं होतं), ॲपर्चर (लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तेवढं ते बारीक), आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता), ट्रायपॉड होता की हातात, फिल्टर कुठला, वारा होता का, एडिट किती केलंय. यातलं निम्मं एक्झिफमधे (कॅमेरा फाइलमधेच लिहून ठेवतो त्या माहितीत) असतं पण वारा आणि ट्रायपॉड नसतो आणि ब्लर कशामुळे आला ते सांगताना नेमकं तेच लागतं.

फाइलचं थोडं, कारण यात फार फोटो फुकट मरतात. एक्सपोर्ट करताना एसआरजीबी (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच) ठेवा. ॲडोबी आरजीबीमधे (जास्त रंगांच्या संचात) काढलेली फाइल जिथे कलर प्रोफाइल वाचलं जात नाही तिथे मरगळलेली दिसते, आणि मग लोक ‘रंग फिके आहेत’ म्हणतात आणि तुम्ही सॅच्युरेशन वाढवत बसता. लांब बाजू २००० पिक्सेलच्या आसपास बघायला पुरते, पण शार्पनेसबद्दलच विचारायचं असेल तर त्या भागाचा १०० टक्के क्रॉप (मूळ आकारातला तुकडा) वेगळा जोडा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबून बारीक होतो, बारीक गवताचा चिखल होतो, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फक्त एक, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल जशीच्या तशी जाते म्हणजे जीपीएस असेल तर तेही जातं, आणि फोटो घरट्याचा किंवा दुर्मिळ फुलाचा असेल तर ती जागा कुठे कुठे फिरेल ते तुमच्या हातात राहात नाही. लोकेशन काढून टाका मगच पाठवा. आणि रात्री अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा ब्राइटनेस फुल करून एडिट केलेला फोटो दुसऱ्यांच्या स्क्रीनवर हमखास काळवंडलेला दिसतो, सकाळी एकदा बघून घ्या.

बघायचं कसं

लिहायच्या आधी अर्धा मिनिट नुसतं बघा. खरंच, अर्धा मिनिट खूप मोठा वाटतो. फोनचा आय कम्फर्ट, नाइट मोड वगैरे बंद करा, नाहीतर सगळ्या जगाचे फोटो तुम्हाला पिवळेच दिसणार आणि तुम्ही सगळ्यांना व्हाइट बॅलन्स शिकवत फिरणार. आधी फोटो लहान करून बघा, अगदी नखाएवढा. त्या आकारात बारकावे जातात आणि नुसते उजेड-अंधाराचे मोठे ठोकळे उरतात, फोटो उभा राहतोय की नाही ते तिथेच कळतं. मग मोठा करा आणि नजर पहिली कुठे गेली, तिथून कुठे, आणि कुठून बाहेर पडली हे लक्षात ठेवा, कारण फोटो काढणाऱ्याला हे स्वतःला कधीच दिसत नाही, त्याला तिथला वारा आणि पहाटेची चढण आठवत असते. तुम्हाला फक्त फ्रेम दिसतेय, हीच तुमची जमेची बाजू.

त्यानंतर चारही कडांवरून बोट फिरवल्यासारखी नजर फिरवा. अर्धी फांदी, कोपऱ्यात घुसलेला उजळ दगड, कापलेले पाय, वरच्या कडेला टेकलेलं शिखर. काढताना सगळं लक्ष मधे असतं त्यामुळे घोळ बहुतेक कडेलाच सापडतो. संशय असेल तर फोटो आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा, बघा, तोल कुठे जातोय ते चटकन जाणवतं.

क्रम मोठ्याकडून छोट्याकडे ठेवा. आधी उजेड आणि विषय, मग मांडणी, मग एक्स्पोजर-फोकस, मग एडिट, आणि सेन्सरवरच्या धुळीचा ठिपका सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात कारण ठिपका शोधणं सोपं असतं आणि शोधला की हुशार वाटतं. ज्या फोटोत बघायचं काय तेच ठरलेलं नाही त्यातला ठिपका काढून काय होणारे?

लिहायचं कसं

समजा असा फोटो आहे: पहाटेचं तळं, पाण्यात गेलेला लाकडी धक्का, त्याच्या टोकाला पाठमोरा माणूस, मागे डोंगराची काळी रांग, डाव्या बाजूने नुकताच वर आलेला सूर्य. यावर ‘कंपोझिशन सुधारा, हायलाइट्स ब्लोन आहेत’ (म्हणजे उजळ भाग पार पांढरे पडलेत) असं लिहिता येतं, आणि असंही लिहिता येतं:

‘पहिली नजर माणसावर जाते, तिथून फळ्यांच्या रेघांवरून पाण्यात, हे छान जमलंय. पण डोकं मागच्या डोंगरात मिसळलंय त्यामुळे माणूस खांद्यापाशी संपल्यासारखा वाटतो, कॅमेरा हातभर खाली धरला असता तर डोकं डोंगराच्या वर उजळ आकाशात आलं असतं. खाली उजव्या कोपऱ्यात अर्धा दगड आहे तो उजळ असल्यामुळे नजर सारखी तिकडे पळते, क्रॉपमधे जातो का बघ नाहीतर थोडा डार्क कर. सूर्य पांढरा पडलाय तो मला चालतो, पण शेजारचा ढगही त्यात गेलाय, रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर हायलाइट खाली ओढून काही परत येतंय का बघ.’

यात प्रत्येक वाक्यात जागा आहे, त्या जागेचा बघणाऱ्यावर होणारा परिणाम आहे आणि करायचं काय तेही आहे. आणि उपाय दोन जातींचे आहेत ते बघा. दगड आणि ढग आज रात्री लॅपटॉपवर होणारी कामं, डोकं मात्र पुढच्या वेळी जागेवर गुडघे वाकवूनच सुटणार. हा फरक लिहिताना स्पष्ट करा, नाहीतर समोरचा जे एडिटमधे होणारच नाही त्याच्या मागे दोन तास घालवतो. तिसरी जात पण असते, कुणाच्याच हातात नसलेली, म्हणजे ढगच आले नाहीत किंवा पक्षी फिरलाच नाही. ते एका शब्दात मान्य करून पुढे जा, ‘आकाश अजून नाट्यमय हवं होतं’ असल्या वाक्याचं तो बिचारा करणार काय.

नवशिक्याला एकच गोष्ट सांगा, फार तर दोन. नऊ चुका एका दमात मोजून दिल्या तर त्यातली एकही लक्षात राहात नाही. ‘फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे’, ‘या लेन्सने होणारच नाही’ ही टीका नव्हेच. आणि ‘तू चुकलास’ पेक्षा ‘इथे मला असं दिसतं’ हे बरं, गोड बोलायचं म्हणून नाही, तर खरंच तुम्हाला फक्त तुम्हाला काय दिसलं तेवढंच माहिती असतं म्हणून. आवडीनिवडीची गोष्ट असेल तर तसं सांगून टाका. धबधबा ३० सेकंदांच्या एक्स्पोजरने दुधासारखा करायचा की पाव सेकंदात पाण्याच्या धारा ठेवायच्या, यात बरोबर-चूक काही नाही. मला स्वतःला धारा आवडतात, पण ती माझी आवड झाली.

रूल ऑफ थर्ड्सचंही तसंच, म्हणजे फ्रेमचे तीन भाग करून विषय किंवा क्षितिज त्या रेघांवर ठेवायचा नियम. १७९७ मधे जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने हा या नावाने लिहून ठेवला, तोही कॅमेरा यायच्या कितीतरी आधी, निसर्गचित्रांबद्दल बोलताना. सव्वादोनशे वर्षं लोक तो एकमेकांच्या डोक्यात मारतायत. स्थिर पाण्यातलं प्रतिबिंब दाखवायचं असेल तर होरायझन मधोमधच शोभतो, तेव्हा ‘थर्ड्सवर नाही’ असं लिहायच्या आधी मधे ठेवून काही बिघडलंय का ते बघा.

‘शार्प नाही’ म्हणायच्या आधी

ही सगळ्यात जास्त येणारी आणि सगळ्यात निरुपयोगी कमेंट, कारण फोटो मऊ यायची कारणं चार-पाच असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ती फोटोतच वाचता येतात. सगळीच फ्रेम एका दिशेला सारवल्यासारखी असेल, उजेडाचे ठिपके छोट्या रेघा झाले असतील तर कॅमेरा हलला. हातात धरून काढताना शटर निदान एक भागिले फोकल लेंग्थ ठेवा, म्हणजे २०० एमएमला १/२०० सेकंद, आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर १/३००, हा जुना हिशोब अजून कामी येतो, स्टॅबिलायझेशन (हाताची हालचाल सावरणारी सोय) असेल तर थोडी सूट मिळते. दगड कडक शार्प आणि पानं पुसट असतील तर कॅमेऱ्याचा दोष नाही, वारा होता, तिथे ट्रायपॉड कितीही भारी असला तरी शटरच वाढवावं लागतं. उडत्या पक्ष्याला तर १/२००० च्या आसपास जावं लागतं, स्टॅबिलायझेशन पंख थांबवत नाही.

फोकस चुकला असेल तर फ्रेममधे दुसरं काहीतरी शार्प असतंच. जमिनीवरचं गवत किंवा खडी बघत जा, शार्प पट्टा कुठे आहे ते दिसेल, तो विषयाच्या पुढे आहे की मागे ते सांगा, हे सांगणं फार उपयोगी पडतं कारण काहींचा फोकस दर वेळी एकाच बाजूला सरकतो. सगळंच सारखं थोडंसं मऊ, हलल्याची खूण नाही, आणि एक्झिफमधे एफ २२ दिसलं तर डिफ्रॅक्शन, म्हणजे बारीक भोकातून उजेड पसरून येणारा मऊपणा, ‘सगळं शार्प हवं’ म्हणून ॲपर्चर बारीक करत गेलं की उलटंच होतं, एफ ८ ते ११ ला परत या. आणि भर दुपारी लांबच्या लेन्सने दूरचा प्राणी काढलाय आणि त्याच्या कडा पाण्याखाली असल्यासारख्या लहरतायत, तर ती तापलेली हवा आहे. तिला ना महागडी लेन्स उपाय ना शार्पनिंग, जवळ जाणं किंवा सकाळी येणं एवढंच.

एडिट ओळखणं

एडिट केलंय की नाही हा प्रश्न मला कधीच महत्त्वाचा वाटत नाही. ॲन्सेल ॲडम्सने १९४१ मधे न्यू मेक्सिकोतल्या हर्नान्डेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढची कित्येक वर्षं त्याच निगेटिव्हचे प्रिंट काढताना आकाश अधिकाधिक काळं करत नेलं. प्रश्न असा असतो की एडिट फोटोच्या आधी दिसतंय का. खुणा ठरलेल्या आहेत. डोंगराच्या कडेला पांढरी झिलई आली की क्लॅरिटी किंवा शॅडोचे स्लायडर जास्त ओढलेत. गवत प्लास्टिकसारखं हिरवं झालं तर सगळं सॅच्युरेशन कमी करायला सांगू नका, फक्त हिरव्याचं कमी करून तो जरा पिवळ्याकडे न्यायला सांगा. पाण्यातलं प्रतिबिंब वरच्या खऱ्या आकाशापेक्षा उजळ दिसलं तर ग्रेडियंट (आकाश वरून खाली हळूहळू गडद करणारा फिल्टर) जास्त झालाय, पाणी सगळा उजेड परत फेकत नाही, प्रतिबिंब थोडं गडदच असतं. आणि वाइड फोटोत निळ्या आकाशाच्या मधोमध गडद पट्टा आला तर ते एडिट नसून पोलरायझर (आकाश गडद करणारा, लेन्सवर फिरवता येणारा फिल्टर) असतो, त्याचा जोर सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त लागतो आणि वाइड लेन्समधे आकाश इतकं मावतं की पट्टा दिसायलाच लागतो. फिरवून थोडा कमी करायला सांगा.

मोठ्ठा चंद्र चिकटवलेले फोटो येतात त्यावरून भांडणं फार होतात. हिशोब सोपा आहे, चंद्र आकाशात साधारण अर्धा अंश एवढाच दिसतो, आणि फुल फ्रेमवर २४ एमएमची लेन्स आडवी सुमारे ७४ अंश बघते, म्हणजे चंद्र फ्रेमच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाएवढा येणार. तेवढ्या वाइड फोटोत तो ताटाएवढा असेल तर दोन फोटो जोडलेत. लांबच्या लेन्सने मात्र टेकडीवरच्या माणसामागे खरंच भलामोठा चंद्र येतो, तेव्हा आरोप करायच्या आधी ‘फोकल लेंग्थ किती होती?’ एवढंच विचारा. जोडला असेल तर तसं लिहायला सांगा, लिहिलं की भांडण मिटलं.

पक्षी-प्राण्यांचं वेगळं बघावं लागतं. डोळा शार्प आहे का, डोळ्यात उजेडाचा ठिपका आहे का, काढणारा प्राण्याच्या उंचीला आला होता की उभ्याने वरून काढलाय, मागचं स्वच्छ आहे का, हे झालंच. पण त्याआधी प्राणी काय करतोय ते बघा. पक्षी पिसं ताठ करून कॅमेऱ्याकडेच बघतोय, चोचीत किडा धरून घरट्याबाहेर ताटकळलाय, घरट्यासमोरची पानं कुणीतरी बाजूला केल्यासारखी दिसतायत, तर लाइट किती सुंदर आहे हे लिहू नका. अशा फोटोला वाहवा मिळाली की पुढचा माणूस अजून एक पाऊल पुढे जातो. किती अंतरावरून काढला ते सगळ्यांसमोर सरळ विचारा, इथे मी भिडस्तपणा बाजूला ठेवतो.

स्वतःच्या फोटोवर टीका आली तर

लगेच खुलासा करू नका. ‘तिथे मागे जायला जागाच नव्हती’ हे खरं असेलही, पण फोटोला ते सांगता येत नाही. तीन जणांनी एकाच कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तिघांनी तीन वेगळे उपाय सांगितले तर कोपऱ्यात घोळ आहे एवढं नक्की धरा, उपाय तुमचा तुम्ही शोधा. एकट्याने म्हटलेली गोष्ट पटली नाही तर सोडून दिली तरी चालते, फक्त न समजता सोडू नका, ‘नजर पळते म्हणजे नेमकी कुठे?’ असं उलट विचारा.

कुणी तुमचा फोटो स्वतः एडिट करून दाखवतो म्हणाला तर चांगलंच आहे, चार ओळींत न कळणारं एका स्लायडरमधे कळतं. पण दुसऱ्याच्या फोटोला हात लावायच्या आधी विचारायचं, बदललेली फाइल त्यालाच पाठवायची आणि दुसरीकडे कुठेही टाकायची नाही. तुम्ही स्वतः सुधारून परत टाकाल तेव्हा जुना आणि नवा शेजारी शेजारी टाका, काय काय बदललं ते एका ओळीत लिहा, आणि शक्यतो एक-दोन दिवस थांबून टाका, लगेच बघितलं की नवाच चांगला वाटतो. दोन दिवसांनी जुनाच बरा वाटला तर तोच ठेवा आणि ज्याने सुचवलं होतं त्याला कारणासकट कळवा, म्हणजे पुढच्या फोटोवर तो तुमच्याशी नुसतं दगडाबद्दल नाही, तुम्हाला काय दाखवायचंय त्याबद्दल बोलेल.